सीलच्या आतला भंडारा

नंदानं कंटेनरच्या दाराला सील ठोकून बसवलं, दोनदा ओढून पाहिलं आणि त्याचा नंबर कागदावर उतरवला. अणदूरच्या या पॅकहाऊसमधलं तिचं कामच ते; लागून जेमतेम दीड महिना झालेला. आत तेरा टन द्राक्षं होती. मालक कृष्णराजचा माल पहिल्यांदाच परदेशी निघाला होता.

"आता काळजी न्हाय," त्याच्या आई धुरपदाबाई हळूच म्हणाल्या. "खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी ठिवलीय आत. पेट्यांच्या मदी."

नंदानं हातातल्या कागदाकडं पाहिलं. ही कसली पिवळी पावडर म्हणून तिकडच्या बंदरावर कंटेनर अडला, तर तपासणी होईस्तोवर द्राक्षांचं पाणी. सील तोडावं, तर नवं सील, नवे कागद आणि आजचं जहाज हुकणार. गप्प बसलं तर इथं कुणाला कळणार होतं? त्यात गाऱ्हाणं मालकाच्या आईविरुद्धचं. पाण्यात राहून माशाशी वैर करायला नोकरी तरी जुनी हवी. तरी ती ऑफिसात गेली.

"दादा, सील तोडावं लागंल."

सगळं ऐकून कृष्णराज तणतणतच बाहेर आला.

"आई, कुणी सांगितलं होतं तुला?"

"ह्यांचं कुलूप चोरासाठी," धुरपदाबाई म्हणाल्या. "माझा भंडारा इघ्नासाठी."

"आजी, आत काय काय हाय ते मी सही करून लिहून देते," नंदा म्हणाली. "त्यात भंडारा लिहिलेला न्हाय."

 कृष्णराजनं स्वतःच कटर आणला. निम्म्या पेट्या उतरवल्यावर पुडी सापडली. आपल्या इकडच्या बंदरावरच्या एजंटला फोन लावला, तर पुढचं जहाज पाच दिवसांनी.

"तिकडं सापडलं असतं," एजंट म्हणाला, "तर तुमचा इथून पुढचा प्रत्येक कंटेनर उघडून बघितला असता."

नवं सील लावून नंदानं आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. उद्या बोलावणार नाहीत, हे तिनं मनाशी धरलंच होतं.

कृष्णराजनं ते उचलून तिच्या हातात दिलं. "उद्या दुसरा कंटेनर लागतोय. आठला या." कालपर्यंत तो तिला 'ए नंदा' म्हणायचा.

ती फाटकापाशी पोचली, तशा धुरपदाबाई मागून लगबगीनं आल्या.

"उद्या दार लावायच्या आदी माझी कनवट तपास, बाई," त्या म्हणाल्या. "माझा मलाच भरवसा न्हाय."