मढी चिरून आलेला दीर

शिरूर कासारच्या धनगरवाड्यात पक्की समजूत, की डाक्तरी म्हंजे फार तर दोन वर्षांचं काम. मोडलेली हाडं बसवायला वाड्यातलाच आश्रुबा एका हंगामात शिकला, तर बाकीच्या अंगाला असा किती वेळ लागणार? वाड्यातला पोरगा म्हाळू डाक्तरी शिकायला हैदराबादेला गेला तो हेच सांगून. पर निजामाच्या राज्यात डाक्तरी शिकवायची ती उर्दूतून, आन् नुसती उर्दूच दोन वर्षं खाऊन बसली.

चौथ्या वर्षी तो सुट्टीला आला, तर दारात ही रांग! कुणाचा खोकला, कुणाचा गुडघा. म्हाळू ओशाळून म्हणाला, "अजून जित्या माणसाला हात लावू देत न्हाईत. सध्या मढी चिरून शिकतोय."

झालं. रांग पांगली. मढ्याला शिवलेला म्हणून कुणी त्याला ओसरीवर घेईना, थोरला भाऊ बंकटसुद्धा दार अडवून उभा. तेवढ्यात भावजय तुळजाबाई चाचपडत बाहेर आली. या पोरक्या दिराला तिनंच लहानाचा मोठा केलेला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिनं घागरभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आन् म्हणाली, "झाली आंघोळ. आता जेवाय चल."

डोळ्यात सुई घालून पडदा सारणारा वैदू दर साली गावात येई. बंकट म्हणे, घे उरकून. बाईचं एकच, "माजा म्हाळू करील." पुढं काहीच दिसेना, तरी तिनं हेका सोडला न्हाई.

हैदराबादेला जाऊन आठ वर्षं झाली, तवा म्हाळू एकदाचा डाक्तर झाला, बीडच्या दवाखान्यात लागला. आल्या आल्या वैनीला बोलावून घेतलं. पर उकळलेली हत्यारं हातात घेतली आन् त्यानं ती परत खाली ठेवली. इतकी वर्षं जी आपल्या भरवशावर अंधारात बसली, तिचाच डोळा आपल्या हातून गेला तर?

"वैनी, लई उशीर केला मी. तुमी थांबलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडू नकोस, नीट काप. इतकी मढी काय उगाच चिरलीस?"

त्याला हसू फुटलं, आन् त्यानं हत्यार उचललं.

पंधराव्या दिवशी पट्टी सोडून त्यानं तिला जाड भिंगांचा चष्मा चढवला. समोर बोटं धरली. "किती हायेत, वैनी?"

"बोटं ऱ्हाऊ दे. तोंड इकडं कर. चार वरसं नुसता आवाज ऐकतेय तुजा."

म्हाळूनं तोंड पुढं केलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं आन् पोटभर बघून घेतलं.