मुठीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि खरं सांगायचं तर पार थकून गेलो आहे. पत्र्याला कसला आलाय थकवा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण ज्याचं झाकण रोज उठून उघडलं आणि मिटलं, ज्याच्या बुडाला गंज चढून भोकं पडली, तो थकणार नाही तर काय नाचणार? सध्या मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, शांताबाई साळव्यांच्या घरी माळ्यावर आडवा पडलो आहे. शेजारी एक मोडकी छत्री आहे आणि नाताळातल्या चांदणीचा नुसता सांगाडा. आम्हा तिघांना आता कुणी विचारत नाही.

मूळचा मी वनस्पती तुपाचा. सियागंजातल्या एका दुकानात माझ्यातलं तूप किलोकिलोनं विकलं गेलं आणि मी रिकामा होऊन दाराशी पडलो. तिथून सुधाकर साळव्यानं मला उचललं. तो मिलमध्ये मागावर कापड विणायचा आणि त्याचं शांताशी नुकतंच लग्न झालं होतं. त्यानं मला बिजागरीचं झाकण बसवून घेतलं. शांतानं राखेनं घासून घासून माझा तुपकट वास घालवला. मग कापडाच्या गाठींवर छाप मारायचा निळा रंग सुधाकरनं मिलमधून वाटीभर आणला आणि माझ्या पोटावर एक क्रूस काढला. विणकराचा हात, पण रंगाची सवय नाही. क्रूस तिरपा झाला.

"राहू द्या तसाच," शांता म्हणाली. "त्याला कळेल आपलाच आहे म्हणून."

तर मी कशासाठी होतो, ते सांगतो. शांताच्या माहेरी एक रीत होती. पोळ्यांसाठी परातीत पीठ घेतलं की मळायच्या आधी एक मूठ प्रभूची. ती मूठ माझ्यात पडायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतल्या बायका आपापले डबे घेऊन चर्चमध्ये जायच्या. उपासना झाली की अंगणात सगळं पीठ एका पिंपात ओतलं जायचं आणि ज्यांच्या घरी कमावणारं कुणी नाही, त्यांच्याकडे पोचायचं. रिकामा डबा ज्याचा त्याच्या घरी परत.

सुरुवातीला सुधाकर कुरकुर करायचा. "अगं, पगार व्हायचा आहे. ह्या महिन्यात राहू दे ना. प्रभू काय नाराज होणार आहे?"

"आपण जेवणार ना? मग त्याचा हिस्सा पहले," शांता म्हणायची आणि मूठ माझ्यात सोडायची. तिची मूठ लहान, पण दाबून भरलेली असे. पुढे सुधाकरलाही त्याची सवय झाली. पाळीवरून आला की हात धुता धुता विचारायचा, "मूठ टाकलीस?" टाकली म्हटलं की जेवणाआधीची प्रार्थना तोच म्हणायचा, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल अशी.

ते माझे चांगले दिवस होते. दर महिन्याला मी काठोकाठ भरून जायचो. चर्चचे पाळक रघुवीर सगळ्यांसमोर म्हणायचे, "साळव्यांचा डबा कधी हलका येत नाही." सुधाकरची मान ताठ व्हायची. माझं झाकणही, खोटं कशाला बोलू, जरा जास्तच खणखणायचं. घरी येताना सुधाकर मला पिशवीत न घालता काखेत धरायचा, म्हणजे क्रूस लोकांना दिसावा.

पाळकसाहेब उपदेशात कधीमधी एका विधवेच्या मडक्याची गोष्ट सांगायचे. दुष्काळात त्या मडक्यातलं पीठ म्हणे संपलंच नाही. ती गोष्ट निघाली की बायका माझ्याकडे बघायच्या. मला अगदी अवघडल्यासारखं व्हायचं. मित्रांनो, मी तसला नव्हतो. माझ्यातलं पीठ संपायचं. पिंपावर मला उलटा धरून बुडावर थापटी मारली की कणभरही उरायचं नाही.

पिंपावर पीठ ओतायचं काम कांताबाईचं. तिचा नवरा त्याच मिलमध्ये होता, छातीच्या दुखण्यानं गेला. पिंपातलं पीठ ज्या घरी जायचं, त्यातलं एक घर तिचंच. बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. मला उचलताना ती दर वेळी म्हणायची, "ये रे माझ्या जाडजूड भिया." भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीत भाऊ.

आणि मग एक दिवस मिलचा भोंगा झालाच नाही.

सुधाकर सवयीनं उठला, जेवणाचा डबा बांधून घेऊन गेला आणि फाटकाला कुलूप बघून परत आला. दोन-चार दिवसांत उघडेल, असं सगळेच म्हणत होते. उघडली नाही. दिल्लीत म्हणे बाजार खुला झाला होता. परदेशीपुऱ्यात मात्र एकेक दुकान बंद होत होतं, कारण घ्यायला येणार कोण? सुधाकर रोज फाटकासमोर धरण्यासाठी अंथरलेल्या सतरंजीवर जाऊन बसायचा, घोषणा द्यायचा, संध्याकाळी घसा बसवून घरी यायचा.

त्यांची उषा तेव्हा शाळेत जायची. आधी दूध गेलं. मग भाजी गेली. मग एक वेळचं जेवण गेलं. शांता कुणाच्या घरी धुणं करायची, कुणाला स्वेटर विणून द्यायची, पण अख्खी वस्तीच रिकामी बसलेली, तिथे स्वेटर घालणार कोण? काही दिवस चूल पेटायची, काही दिवस नाही. पेटली की पीठ मळायच्या आधी एक मूठ माझ्यात पडायचीच. तेवढीच दाबून भरलेली. मला ती मूठ जड व्हायला लागली होती.

सुधाकरनं प्रार्थना म्हणणं सोडलं. एकदा नुसता चहा पुढे आला तेव्हा तो म्हणाला, "प्रभू देतो, देतो म्हणतेस. कधी देणार ते तर सांग. मी थकलो आता."

"मीसुद्धा थकलेच आहे," शांता म्हणाली. "पण त्याचा हात सोडून जाऊ कुठे?"

एका दुपारी उषा शाळेतून आली. घरातला पिठाचा डबा पुसल्यासारखा स्वच्छ होता. मी मात्र फळीवर होतो, आत पीठ होतं. तिनं स्टूल ओढलं, माझं झाकण उघडलं आणि चिमूटभर पीठ तोंडात टाकलं. कोरडं पीठ टाळूला चिकटलं आणि तिला ठसका लागला. शांता धावत आली आणि तिनं पोरीच्या हातावर फटका मारला.

"ते आपलं नाही, उषा. ते प्रभूचं."

उषा रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "त्याला भूक लागलीये काय?"

शांता पदरात तोंड खुपसून रडली. मला त्या दिवशी फुटता आलं असतं तर मी फुटलो असतो. पीठ माझ्या पोटात, भूक माझ्यासमोर, आणि मला हात नाहीत.

पहिला रविवार आला. शांता मला घेऊन चर्चला गेली. अंगणात कांताबाईनं नेहमीसारखं मला उचललं आणि तिचा हात झटकन वर गेला. एवढा हलका मी कधी नव्हतोच. तिनं झाकण उघडलं. मी निम्मासुद्धा भरलो नव्हतो.

"शांता, मूठ टाकायची सोडलीस का गं?"

"नाही हो मावशी," शांता घाईनं म्हणाली. "एक मूठसुद्धा चुकवली नाही. शपथ."

बोलून गेली बिचारी, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय सांगून बसलो ते. मूठ चुकली नाही आणि डबा निम्मा. म्हणजे घरात चूलच निम्मी पेटते. कांताबाईनं माझं झाकण हळूच मिटलं. "डबा राहू दे माझ्याकडे," एवढंच म्हणाली. "शाम को आणून देते."

शांता गेल्यावर तिनं मला पिंपावर उलटं केलंच नाही. पायरीवर ठेवलं आणि बायकांना म्हणाली, "साळव्यांकडे चूल पेटत नाहीये." कुणी भाषण केलं नाही. त्यातल्या बहुतेकींचे नवरे त्याच फाटकासमोर बसत होते. कुणाच्या घरी कोठार भरलेलं नव्हतं. तरी एकेक जण आली आणि आपल्या डब्यातून मूठ काढून माझ्यात सोडून गेली. गव्हाचं पीठ, ज्वारीचं पीठ, एकीचं मक्याचं. इतकी वर्षं मी एकाच हाताची मूठ ओळखत होतो. त्या दिवशी लहान, मोठे, सुरकुतलेले, काकणं फुटलेले असे किती हात आत आले. पाळकसाहेबांनीही घरून ओंजळभर आणलं. मी काठोकाठ भरलो.

संध्याकाळी कांताबाईनं मला साळव्यांच्या ओट्यावर टेकवलं. सुधाकर दारातच बसला होता. त्यानं झाकण उघडून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे परत घेऊन जा, मावशी," तो म्हणाला. "आपण देणारे लोक. आपल्याला असं घेऊन खायची आदत नाही."

कांताबाई पदरानं घाम पुसत खाली बसली. "इतकी वर्षं तुझ्या डब्यातलं पीठ मी खाल्लं, सुधाकर. तेव्हा मी भिकारीण होते काय रे?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस? मला तर वाटायचं, प्रभूनं पाठवलं. तुझ्या हातून पाठवलं. आता माझ्या हातून आलं, तर ते प्रभूचं नाही? जन्मभर त्याला हाका मारल्यास, आणि तो दारात आला तर वापस पाठवतोस. कमाल करतोस तू."

सुधाकरनं माझ्यावरच्या तिरप्या क्रुसाकडे पाहिलं. रंग उडाला होता, पण दिसत होता. मग तो उठला. आत जाऊन त्यानं स्वतः परात आणली आणि शांतासमोर ठेवली.

शांतानं माझ्यातलं पीठ परातीत घेतलं. आणि मळायच्या आधी, सवयच ती, तिनं एक मूठ उचलली आणि माझ्यात टाकायला गेली. हात मध्येच थांबला.

उषा खुदकन हसली. "आई, डब्यातलं डब्यातच?"

शांतालाही हसू आलं, हसता हसता डोळे भरले, आणि तिनं ती मूठ माझ्यात टाकलीच. सगळ्या पिठांच्या मिसळीच्या त्या पोळ्या तव्यावर फाटत होत्या. पानं वाढली गेली. किती दिवसांनी सुधाकरनं डोळे मिटले. पहिल्या शब्दालाच त्याचा आवाज गेला. पुढची प्रार्थना उषानं म्हटली आणि कांताबाईनं आमेन.

मिल काही उघडली नाही, मित्रांनो. सुधाकर पुढे सियागंजात एका व्यापाऱ्याकडे माल तोलायला लागला. विणकराचे हात, पोती उचलून सुजायचे. तो आता नाही. कांताबाई नाही. उषा लग्न होऊन सासरी गेली. रंगीत प्लास्टिकचे डबे घरात आले, चर्चमध्ये मुठीऐवजी पैशांची पाकिटं आली आणि मी माळ्यावर चढलो. रस्त्यावर भंगारवाला ओरडला की मी अजून दचकतो.

पण त्या रविवारनंतर, मी फळीवर होतो तोवर, शांतानं मला कधी पुरतं झटकलं नाही. पिंपावर ओततानाही तळाशी मूठभर ठेवायची. म्हणायची, "एवढं राहू दे, डबा घरी रिकामा जायला नको." मी न संपणारा डबा नव्हेच. मला दर वेळी कुणीतरी भरलं, म्हणून मी भरलो.

तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना डबा असेल, तर त्याला नवा रंग देऊ नका, तेलपाणीही नको. फक्त अधूनमधून झाकण उघडून आत बघा. भरलेला असेल तर मूठभर बाहेर काढा. आणि कधी तळ दिसलाच, तर लाजून झाकण लावून बसू नका. त्याला काखेत घ्या आणि कुणाच्या तरी दाराशी जा.