मोकळं टोक

चोवीस कॉम्प्युटर एकाच वेळी अडून बसलेले मी आजवर पाहिले नव्हते. एखादं मशीन अडतं, फार तर दोन. चोवीसच्या चोवीस अडली म्हणजे त्यांनी संपच पुकारला म्हणायचा. आणि संपाचा विषय आमच्या घरात निघत नाही, त्यामुळे हा विनोद मी मनातच ठेवला.

शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. काळाचौकीतल्या आमच्या मंडळाच्या संगणक वर्गात मी फरशीवर मांडी घालून बसले होते आणि बाबा दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. किल्ल्या तीनच आहेत: जाळीच्या दाराची, आतल्या दाराची आणि कपाटाची. पण बाबा त्या अशा धरतात की समोरच्याला वाटावं, अख्खी गिरणी यांच्या ताब्यात आहे.

गिरणीचंच सांगते, म्हणजे किल्ल्यांचं कळेल. बाबा विणकाम खात्यात साचेवाले होते. साचा म्हणजे माग. गिरणी कायमची बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर दोन वर्षं बाबा रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चाळीच्या गॅलरीत बसायचे. कुठे जायचं नसायचं, तरी शर्ट इस्त्रीचाच. आईला ते बघवायचं नाही आणि मला राग यायचा. नेमका कोणाचा ते मला आजही धड सांगता येणार नाही. मग मंडळाने हा वर्ग काढला, उघडबंद आणि झाडलोट बाबांकडे आली आणि इस्त्रीच्या शर्टाला जायला जागा मिळाली.

तीच जागा त्या दिवशी पणाला लागली होती. सोमवारी इथे पन्नासेक बायकांची सरकारी संगणक परीक्षा होती. त्याआधी, त्याच शनिवारी चार वाजता परीक्षेचे अधिकारी तपासणीला येणार होते. चोवीसही मशीनवर त्यांना हवं तसं, अगदी एकसारखं सगळं बसवलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर केंद्र रद्द. केंद्र गेलं की वर्ग बंद, आणि खोली गणपतीच्या डेकोरेशनच्या सामानाला. तसा ठराव समितीने आधीच करून ठेवला होता. थर्माकोलच्या राखणीला कोणी माणूस ठेवत नाही.

मी लोअर परळच्या एका ऑफिसात हेच काम करते. एक मशीन मनासारखं तयार करायचं, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची (आम्ही तिला इमेज म्हणतो) आणि ती सर्व्हरवरून वायरीतून बाकीच्या सगळ्या मशीनवर एकदम उतरवायची. हाताने करायचं तर एकेका मशीनला अडीच तास लागतात. आदल्या रविवारी येऊन मी इमेज काढली होती, दोन मशीनवर उतरवूनही पाहिली होती. काम सुतासारखं सरळ झालं होतं. शनिवारी फक्त सगळी मशीन चालू करायची आणि चहा प्यायचा, असा माझा बेत होता.

मशीन चालू झाली. प्रत्येकाने सर्व्हरकडे आपला नेटवर्कचा पत्ता मागितला आणि कोणालाच तो मिळाला नाही. चोवीस काळ्या पडद्यांवर तीच एक पांढरी ओळ: शोधतोय, शोधतोय.

मी सर्व्हर बंद करून चालू केला. काही नाही. सर्व्हरला माझा लॅपटॉप थेट जोडला, तर पत्ता लगेच मिळाला. म्हणजे सर्व्हर निर्दोष. कोपऱ्यातल्या दोन मशीनच्या वायरी बदलल्या. काही नाही. ज्या डब्यात सगळ्यांच्या वायरी येऊन मिळतात तो स्विच बंद करून चालू केला. तेव्हा एका मशीनला पत्ता मिळाला, इमेज तीन टक्के उतरली आणि तिथेच थिजली. पुन्हा तेच केलं, तर तीनही नाहीत.

"अंबू," बाबा म्हणाले, "ह्या डब्याचे दिवे..."

"बाबा, प्लीज. काही बोलू नका आणि कशाला हात लावू नका."

त्यांनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं. मी वाईट बोलले हे मला बोलतानाच कळलं होतं. पण माझा राग असा आहे, एकदा निघाला की मधल्या स्टेशनवर थांबत नाही.

दीड वाजता माधवकाका आले. मंडळाचे सचिव, दादरचे, महापालिकेत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. माणूस सरळ आहे, पण नियमाला असा धरून की स्वतःच्या वाढदिवसालाही अर्ज करेल.

"रविवारी चालत होतं ना? मग आज कोणीतरी हात लावल्याशिवाय बिघडलं कसं?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती बाबांपाशी येऊन थांबली. "दसऱ्यानंतर मी स्पष्ट सांगितलं होतं. इथे कोणाचा हात लागून काही बिघडलं, तर त्या माणसाने सोमवारपासून इथे पाऊल ठेवायचं नाही. मग तो कोणीही असो."

दसऱ्याचं असं झालं होतं की बाबांनी गिरणीच्या रिवाजाप्रमाणे हत्यारांची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडू, अक्षता, चोवीसही कीबोर्डना. त्यानंतर चार कीबोर्डांचं एंटरचं बटण खाली बसायचं ते वर यायचंच नाही. बाबांचं म्हणणं, साच्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

दोन वाजले. माझ्याकडे आता नवीन काही करून बघायचं उरलं नव्हतं. मी भिंतीला टेकले आणि पहिल्यांदाच घाबरले. परीक्षेची भीती नव्हती. मला तो इस्त्रीचा शर्ट पुन्हा गॅलरीत बसलेला दिसत होता.

"अंबू, रागावू नको गो," बाबा हळूच म्हणाले. "एकच सांगतो. दिवे बघ ह्याचे."

मी बघितलं. स्विचवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. ते लुकलुकतातच, त्यात बघायचं काय.

"सगळे एका तालात चाललेत," बाबा म्हणाले. "आमच्या खात्यात सहाशे साचे होते. कधी दोन साचे एका तालात ऐकले नाय मी. प्रत्येकाची चाल वेगळी. रविवारी हे दिवे पण तसेच होते, जो तो आपापला. आज सगळे एकदम मरमरतायत. हे काय कामाचं लक्षण नाय."

मी पुन्हा बघितलं आणि माझे कान गरम झाले. ते खरंच सगळे एकदम, एका ठोक्यात, जीव खाऊन मिचमिचत होते. माझ्याकडे पदवी होती, तीन सर्टिफिकेटं होती, आणि तीन तास मी त्या डब्यासमोर बसून त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"लूप," मी ओरडलेच. "माधवकाका, एका वायरीची दोन्ही टोकं ह्याच डब्यात लागलीत! म्हणून एक निरोप आत आला की तो गोल गोल फिरत राहतो, फिरता फिरता त्याचे हजार होतात आणि दुसऱ्या कोणाला वाटच मिळत नाही. ती वायर काढली की झालं."

मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वायरी चाचपायला लागले. सव्वीसेक वायरींचा गुंता होता.

"निळी," मागून बाबांचा आवाज आला. "ती निळी वायर. मीच लावलीय."

मी वळून पाहिलं. घाबरले की बाबा बोलताना थेट सावंतवाडीत पोचतात.

"आज तपासणी म्हणान टेबलाखाली झाडताना तिचा टोक लोंबताना दिसला. बाजूक भोक रिकामा होता. माका वाटला, निसटला आसतला. मोकळा टोक ठेवतत काय कधी? धागा तुटलेलो दिसलो की साचो थांबवून पयली गाठ मारूची, मगे दुसरा काय ता. चाळीस वर्षं हाताक तीच सवय." त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जरा पुढे सरकवल्या. "माधवराव, तुम्ही सांगितलं होतं. माझाच हात लागला."

बाबांना गप्प बसता आलं असतं. मी वायर काढली असती, कोणी लावली ते कोणाला कधी कळलं नसतं. दिवे दाखवले नसते तर हे निघालंही नसतं. आणि त्या किल्ल्यांचं मोल त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी निळी वायर उपसली. दिवे दचकून थांबले आणि मग एकेक करून लागायला लागले, जो तो आपापला. पहिल्या मशीनला पत्ता मिळाला, मग पाचव्याला, मग मागच्या अख्ख्या रांगेला. पडद्यांवर पट्ट्या सरकायला लागल्या. चार टक्के, सात टक्के. किल्ल्या टेबलावर तशाच पडलेल्या होत्या.

माझ्या हातात ती निळी वायर होती. तिच्या टोकाशी माझ्या ऑफिसचा पिवळा स्टिकर होता, त्यावर माझंच अक्षर.

मग मला रविवार आठवला. इमेज तपासायला मी लॅपटॉप ह्याच वायरीने स्विचला जोडला होता. घरी जायची घाई होती, म्हणून लॅपटॉपकडचं टोक तेवढं काढलं आणि लोंबत सोडून निघून गेले.

"माधवकाका, हे बघा." मी स्टिकर त्यांच्यासमोर धरला. "वायर माझी आहे. टोक मी सोडलं होतं. बाबांनी फक्त ते मोकळं ठेवलं नाही. साचेवाल्याच्या घरात वाढले आणि तेवढं मला कळलं नाही. सोमवारपासून पाऊल कोणी ठेवायचं नाही ते ठरवायचं असेल तर माझं नाव लिहा."

माधवकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हेडक्लार्क विचार करतात तो असा.

"सोमवारी तू नसलीस आणि मशीन अडलं, तर मी कोणाला बोलवू?" ते म्हणाले. मग त्यांनी किल्ल्या बोटाने बाबांकडे ढकलल्या. "आणि आनंदाभाऊ नसले, तर अडलंय हे तरी आम्हाला कोण सांगणार? उचला त्या. मात्र दसऱ्याला हळद-कुंकू नाही."

"फुलं?" बाबांनी विचारलं.

"कीबोर्डपासून लांब."

अधिकारी सव्वाचारला आले. त्यांनी सहा मशीन उघडून पाहिली, सही केली आणि चहा न घेता गेले.

कुलूप लावायच्या आधी बाबांनी ती निळी वायर मागून घेतली. कोपर आणि अंगठ्यामध्ये तिची लड घातली, दोन्ही टोकं आत खोवली आणि ती माझ्या पिशवीत ठेवली. मग दोन्ही दारांची कुलपं तीन-तीनदा ओढून पाहिली.

गिरणीचं काही सांगायला लागले की "बाबा, नंतर" असं मी गेली वीस वर्षं म्हणत आले आहे. जिना उतरताना मी त्यांना विचारलं, "सहाशे साच्यांच्या आवाजात तुमचे साचे तुम्हाला कसे ओळखू यायचे?"

बाबा पायरीवरच थांबले. माझ्याकडे बघितलं, मी खरंच विचारतेय का ते. मग म्हणाले, "ते काय आहे, अंबू..."

वर्गापासून आमची चाळ दहा मिनिटांवर आहे. त्या दिवशी आम्हाला घरी पोचायला पाऊण तास लागला.