होयबा

मागून सदऱ्याचं टोक दोनदा ओढलं गेलं, तेव्हा त्याला कळलं की ठकीने काहीतरी विचारलंय.

तो स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता. मान न वळवताच तो म्हणाला, "हो."

"नक्की ना?" ठकीने विचारलं. सदरा पुन्हा ओढला गेला, तशी शेंग फोडता फोडता त्याने मान डोलावली. साडेपाच वर्षांची ठकी टुणकन उडी मारून पळाली.

तिने विचारलं होतं, "बाबा, बोक्याला मी आंघोळ घालू?" बोका म्हणजे तिचा नऊ महिन्यांचा भाऊ. आधाराशिवाय बसायला तो नुकताच शिकला होता.

कारखान्यात ठकीच्या बापाला सगळे होयबा म्हणत. सोळा वर्षं तो पत्रा दाबायच्या यंत्रावर होता. त्या धडधडाटात तोंडाने कुणी बोलतच नसे. बोटं वर केली की तेवढे नग, मनगटावर टिचकी मारली की वेळ काय झाली, आणि मान डोलावली की सगळं ठीक. त्या सोयीत आपले कान कधी गेले, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. ऐकू न येणाऱ्याला यंत्रावरून उठवतात आणि फाटकाशी झाडू मारायला लावतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. समोरच्याचे ओठ दिसले की त्याला बरंचसं समजे. नाही समजलं, तर हो म्हणून टाकायचं. हो म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, असा त्याचा अनुभव होता.

घरीही हेच खपून गेलं. बायको कौतुकाने मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे भांडणच होत नाही. मी बोलते आणि हे हो म्हणतात." ठकीला तर बाप म्हणजे देवमाणूस वाटे. आई ज्याला नाही म्हणेल, त्याला बाबा हो म्हणणार हे ठरलेलं. अशा रीतीने हो हो करत या गृहस्थाने कान गेल्यापासूनची तीन वर्षं संसार रेटला होता, आणि वर मनातल्या मनात स्वतःला हुशार समजत होता.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. आज रविवार, म्हणून तिचं अर्ध्याच दिवसाचं काम होतं. पातेलं निम्मं भरलं असेल नसेल, तोच कामावरून परतलेली बायको त्याच्या शेजारून धावत गेली. पायांत चपला तशाच होत्या. चपला घालून ती कधी घरात येत नसे. तो झटकन उठला. पातेलं कलंडलं आणि मटार घरभर झाले.

न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. टब काठोकाठ भरला होता. ठकी गुडघ्यांवर बसून बोक्याला दोन्ही काखांत धरून होती. बोक्याची हनुवटी पाण्यात होती. त्याला वर उचलायची ताकद तिच्यात नव्हती, आणि नळ बंद करायला हात सोडायची सोय नव्हती. तिचे दंड थरथरत होते. बायकोने बोक्याला ओढून घेतलं, खांद्यावर पालथं टाकलं आणि पाठ थोपटली. त्याच्या तोंडातून पाणी आलं. मग त्याचं तोंड उघडलं आणि चेहरा लालबुंद झाला. त्यावरून बापाला कळलं की पोरगा रडतोय.

बायको त्याच्याकडे वळली.

"खाली जिन्यात ऐकलं मी. घसा फाटेस्तोवर ओरडत होती पोरगी. तुम्ही तर चार पावलांवर होतात. काय करत होतात?"

"डुलकी लागली," तो म्हणाला. आपण किती सहज खोटं बोललो, याची त्यालाच लाज वाटली.

"नाही," ठकी म्हणाली. तिच्या ओठांवर त्याला ते नीट वाचता आलं. "बाबा जागे होते. मी विचारलं. ते दोनदा हो म्हणाले."

"असल्या गोष्टीला बाबा हो म्हणतील? एक तर भलते उद्योग करायचे, आणि वर खोटं बोलायचं?" बायकोने हात उगारला. ठकी हलली नाही. ती नुसती बापाकडे बघत राहिली.

त्याने बायकोचं मनगट धरलं.

"तिला मारू नकोस. ती खरं बोलतेय. मला ऐकू येत नाही."

"आता हे काय नवीन?"

बायकोने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःच्या तोंडावर आडवा पंजा धरला, काहीतरी बोलली आणि हात काढला.

"काय म्हणाले मी?"

"माहीत नाही."

बोक्याला टॉवेलात गुंडाळून ती उंबऱ्यावर बसली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं. थोडं जास्तच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"भीती वाटली. कामावर कळलं असतं." मग तो म्हणाला, "आणि तुला माझा कंटाळा आला असता."

ती बराच वेळ बोक्याचं डोकं पुसत राहिली. मग बोलायला लागली, पण तिचे ओठ कापत होते. त्याला धड वाचता येईना.

"परत सांग," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने हे शब्द उच्चारले होते.

ती सावकाश म्हणाली, "बोका पोटात होता तेव्हाची गोष्ट. मी भांडी घासत होते, तुमच्याकडे पाठ करून. तोंडावर विचारायची हिंमतच नव्हती. मी म्हणाले, मला झेपणार नाही असं वाटतंय, तरी ठेवूया का हे मूल? मग वळून पाहिलं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात. तेवढ्या एका शब्दावर मी सगळं निभावलं." तिने बोक्याभोवतीचा टॉवेल आवळला. "ते ऐकलं होतंत का तुम्ही?"

त्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेच नेहमीचं. तिला तेच हवं होतं, हेही त्याला दिसत होतं. ठकी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

बायकोने बोक्याला त्याच्या हातात दिलं. आत जाऊन नळ बंद केला. मग ठकीचा ओला फ्रॉक उतरवला आणि पाठमोरी उभी राहून तो पिळायला लागली. पाणी निथळायचं थांबलं तरी ती पिळतच होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की काही बोलतेय, पाठीवरून त्याला कळेना.

बोक्याला छातीशी धरून, ओल्या फरशीवर पाय जपून टाकत, तो तिचा चेहरा दिसेल अशा बाजूला जाऊन उभा राहिला.