खात्रीची जीभ

आमच्या अवेतोमेची माती ही माती नव्हे. गावाचे प्रमुख तोग्बे दर वर्षी सणाच्या सभेत उभे राहून हे सांगतात. ती पूर्वजांची देणगी आहे, तिच्यात डोंगराचा श्वास आहे आणि अख्ख्या पश्चिम आफ्रिकेत तिला तोड नाही. हे बोलताना त्यांच्या डाव्या गालात तिचाच एक तुकडा असतो, त्यामुळे 'पूर्वज' हा शब्द आजवर कोणाला नीट ऐकू आलेला नाही.

खाणीतून ती काढायची, कुटायची, चाळायची, मळायची, अंड्याएवढे गोळे वळून उन्हात घालायचे आणि मग धुरावर भाजायचे. याला आयिलो म्हणतात. गर्भार बायका ती खातात, नसलेल्याही खातात. पुरुष खात नाहीत, फक्त भाजली आहे का ते बघतात, दिवसातून चार-पाचदा. दर गुरुवारी अक्राहून ट्रक येतो आणि पोती भरून नेतो. निम्मं गाव त्यावर जगतं. उरलेलं निम्मं माझ्यासारखं शाळेत शिकवतं किंवा त्या ट्रकची वाट अडवून बसतं.

आता भट्टी लावणं कोणालाही जमतं. ती उतरली, म्हणजे माती नीट भाजून निघाली, की नाही हे सांगणं सगळ्यांना जमत नाही. त्यासाठी प्रत्येक भट्टीतला एक गोळा फोडून चाखावा लागतो, आणि घरातली एकच बाई तो चाखते. माझा शेजारी आग्बेको याच्या घरात हा मान आधी त्याच्या आईचा होता. आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, म्हणून ती आग्बेकोनो. तपकिरीनं तिची जीभ गेली आणि मान सुनेकडे, एमेफाकडे आला. एमेफा एक घास घेऊन सांगायची : "ही वरच्या खाणीतली. धूर आंब्याच्या लाकडाचा. अजून एक तास ठेवा." अक्राची व्यापारीण तिच्या हातचं पोतं उघडूनसुद्धा बघत नसे. गावात अशा बाविसेक जिभा होत्या. एमेफाची सगळ्यात खात्रीची.

तिसऱ्या खेपेला सहावा महिना लागला तेव्हा ती आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या सुईण, मॅडम सेफाकोर, समुद्रकाठच्या. आमच्या गावात त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांनी एमेफाच्या बोटाला सुई टोचली, यंत्रात थेंब घातला आणि चष्मा वर केला.

"आठ पूर्णांक दोन. चालत आलीस की कोणी आणून ठेवलं?"

"चालत आले, मॅडम. वाटेत दोनदा बसले."

"आधीची दोन्ही पोरं माझ्या आधीच्या मॅडमनी इथंच सोडवली ना? मग नियम ऐकून ठेव. छत्तिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर मी तुला हात लावणार नाही. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, रक्त द्यायला दोन माणसं बरोबर घेऊन."

एमेफाची थोरली बहीण यावा चार वर्षांपूर्वी बाळंतपणासाठी त्याच रस्त्यानं निघाली होती. मोठा दवाखाना चांगला आहे असं सगळे सांगतात. यावाला सांगता आलं नसतं. ती अडीच तासांच्या वाटेवर दुसऱ्या पुलापाशीच वारली, अंगात मुळातच थोडं असलेलं रक्त गाडीच्या सीटवर सांडून.

"दहा करीन," एमेफा म्हणाली.

मॅडमनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. "रोज एक. शी काळी होईल, घाबरायचं नाही. मळमळलं तर वर काहीतरी कोरडं खा, पण गोळी चुकवायची नाही."

पहिल्याच दिवशी मळमळलं. एमेफानं वर कोरडं खाल्लं आणि गोळी चुकवली नाही.

घरात मोहीम सुरू झाली. आग्बेकोनो रानवांग्यासारख्या कडू हिरव्या फळांचा रस काढून रोज सुनेच्या पुढ्यात उभी राहू लागली. आग्बेको भोंगा लावून फिरणाऱ्या गाडीवरून रक्तवाढीच्या टॉनिकची बाटली घेऊन आला. बाटलीवर एक माणूस दोन्ही हातांनी ट्रॅक्टर उचलत होता, आणि खाली लिहिलं होतं की हे औषध माता, बालके, विद्यार्थी आणि फुटबॉलपटूंसाठी आहे.

"तू यांतली कोण?" मी विचारलं.

"सर, मी ट्रॅक्टर," एमेफा म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

चर्चमध्ये तिच्या रक्तासाठी वेगळी प्रार्थना झाली. महिन्यानं आकडा आला आठ पूर्णांक एक.

मॅडम सेफाकोर चिडल्या. "गोळ्या शेळीला घालतेस का?"

एमेफानं पदराच्या गाठीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर मांडली. मॅडमना ती पटली नाहीत. रिकामं पाकीट कोणीही करतं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा आग्बेकोनो पुढे सरसावली.

"काळी होते, मॅडम. रोज काळी होते. मी स्वतः जाऊन बघते."

"रोज?"

"रविवारी चर्च असतं. तरी बघते."

या साक्षीपुढे मॅडमचं काही चाललं नाही. त्यांनी गोळ्या बदलल्या, जंताचं औषध दिलं, मच्छरदाणी लावता ना म्हणून विचारलं. गावानं आपापली कारणं शोधली. पोर पोटातच सगळं पितंय, असं काहींचं मत पडलं. कोणी म्हणालं गोळ्यांनी पोर फार मोठं होतं, निम्म्याच घे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि अन्नाचं शोषण हा धडा दर वर्षी घेतो. मी तिला सकारात्मक विचार करायला सांगितलं.

बत्तिसावा आठवडा लागला. आठ पूर्णांक तीन.

एमेफाचे ओठ आता आतून कागदासारखे पांढरे झाले होते. विहिरीवरून घरापर्यंत येताना ती तीन ठिकाणी थांबे आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी बघत असल्याचं दाखवी. सासूला घेऊन ती केंद्रात आली तेव्हा मॅडम सेफाकोरनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

"मॅडम, चार आठवडे आहेत अजून."

"चार आठवड्यांत काय होणार आहे? दोन महिन्यांत एका दशांशानं वर गेलीस. या चालीनं तुझी नात बाळंत होईल तेव्हा दहा होतील."

"मी एकही चुकवली नाही."

"सगळ्या असंच म्हणतात."

एमेफा कधी नव्हे ती भडकली. "बघा मग! आजची राहिलीय. तुमच्यासमोर घेते." तिनं पाकीट फोडलं, टेबलावरच्या मडक्यातलं पाणी घेऊन गोळी गिळली आणि तोंड उघडून जीभ दाखवली. ती खात्रीची जीभ मॅडमनी वाकून तपासली. गोळी गेली होती. मॅडम वरमल्या. पेन खाली ठेवलं. मग एमेफानं, जणू आता भांडण मिटलं अशा थाटात, शांतपणे पदराची दुसरी गाठ सोडली, पांढरा गोळा काढला आणि कडकन अर्धा तोडला.

"हे काय?"

"कोरडं," एमेफा म्हणाली.

मॅडम सेफाकोरनी तिच्या हातातला उरलेला अर्धा गोळा घेऊन वास घेतला.

"मी बिस्कीट म्हणाले होते."

"तुम्ही कोरडं म्हणाला होता."

"रोज गोळीवर हेच?"

"रोज. लोखंडाची चव राहते ना तोंडात. सगळ्याच खातात, मॅडम. बाहेर बाकावर विचारा."

मॅडमनी दार उघडून बाकावर विचारलं. सातपैकी सहा जणींनी गाठी सोडून दाखवल्या. सातवी म्हणाली, तिची संपली, आणि शेजारणीकडे अर्धी मागितली.

दार लावून मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "एमेफा, चूक माझी आहे, पण ऐक. ही माती गोळीतलं लोखंड पोटातच धरते आणि घेऊन बाहेर जाते. तुझ्या रक्तापर्यंत ते पोचतच नाही. दोन महिने तू मातीला औषध देतेयस. तुझ्या पोटातली माती आज तुझ्यापेक्षा धडधाकट आहे. आणि दुसरं, अंगात लोखंड कमी पडलं की काही जणींना माती गोड लागते. म्हणजे ती खावीशी वाटणं हेच दुखण्यातलं—"

हे दुसरं कोणी ऐकलं नाही. आग्बेकोनोनं पहिल्यावरच कपाळ धरलं होतं.

"मग भट्टी कोण चाखणार?" तिनं विचारलं. "परवा गुरुवार आहे."

हा प्रश्न वाटतो तेवढा वाईट नव्हता. घरात एकच जीभ, ट्रक कोणासाठी थांबत नाही, आणि कच्चं पोतं एकदा परत आलं की व्यापारीण शेजारच्या दारात जाऊन उभी राहते. एमेफानंही तेच मोजलं असावं. ती म्हणाली, "आई, एक घास चाखून थुंकते."

"थुंकशील तू? आजवर कधी थुंकलीस?"

एमेफा पदराची गाठ पुन्हा बांधू लागली.

"तुझ्या बहिणीचे कपडे मी धुतले," आग्बेकोनो म्हणाली. "सीटवरचे. आता आणखी एकीचे धुवायचे नाहीत मला. घरी चल."

त्या दिवशी तिनं तपकिरीची डबी शौचालयात टाकली आणि भट्टी चुलतदिराच्या परसात हलवली, म्हणजे धूर सुनेकडे यायला नको. गुरुवारी ती स्वतः चाखायला बसली. तीन घास खाल्ले, डोळे मिटले आणि "उतरली" म्हणाली. पुढच्या गुरुवारी ट्रकनं त्यातली दोन पोती परत आणली.

"आई, कच्ची होती," एमेफा म्हणाली. "मला इथून वासावर कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चाखायला आले असते."

सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि वर आग्बेकोनं सोललेलं संत्रं. तो प्रत्येक शीर काढी. एवढ्या काळजीनं त्यानं लग्नातसुद्धा काही केलं नव्हतं. तासाभरानं मक्याच्या पिठाचं आक्पले, पालेभाजीचा रस्सा, त्यात धुरावलेली मासळी. नवव्या दिवशी एमेफाचा धीर सुटला. आग्बेकोनोला ती कोठीच्या दारात सापडली, चौकटीला नाक लावून उभी. सासूनं तिला बाजूला केलं, आत जाऊन पोत्यावर बसली आणि पाय पसरले.

"मी इथंच आहे. हवी असेल तर मला उचल आणि घे."

"माझ्यानं विहिरीचा डबा उचलवत नाही, आई."

"ठाऊक आहे. म्हणून तर बसलेय."

दोघी तिथंच हसल्या, मग एमेफा रडली. सासू पोत्यावरून उठली नाही. संध्याकाळचं जेवण त्या दिवशी नवऱ्यानं केलं, ते सगळ्यांनी खाल्लं आणि त्यावर कोणी काही बोललं नाही.

छत्तिसावा आठवडा. मॅडमनी थेंब यंत्रात घातला, आकडा बघितला, यंत्र पुसलं आणि दुसऱ्या बोटाला सुई टोचली.

"दहा पूर्णांक दोन."

मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी त्यांनी फाडली. दुपारपर्यंत गावात श्रेयाचं वाटप सुरू झालं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेचा आठवडा सांगितला. टॉनिकवाल्यानं भोंग्यावरून एमेफाचं नाव घेतलं. तोग्बेंनी, गालातला तुकडा एका बाजूला सारून, हा आपल्या मातीचाच गुण असल्याचं जाहीर केलं. मॅडमनी बाकावरच्या सगळ्यांना गोळीवर संत्रं खायला सांगितलं आणि 'कोरडं' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

एमेफा आमच्याच केंद्रात बाळंत झाली. रक्त गेलं, थोडं जास्तच गेलं. मॅडमनी सलाईन लावलं, पोट चोळलं, आणि ते थांबलं. शरीरात होतं, म्हणून पुरलं. मुलगी झाली. गुरुवारी झाली, आणि आमच्याकडे गुरुवारच्या मुलीचं नाव यावाच असतं, त्यामुळे बहिणीच्या आठवणीसाठी कोणाला वेगळं काही ठरवावं लागलं नाही.

गोळ्या पुढेही चालू राहिल्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात आकडा बाराच्या जवळ गेला. एमेफा भरलेला डबा डोक्यावर घेऊन विहिरीवरून एका दमात यायची, आणि वाटेत कोणाशी बोलायला थांबली तर खरोखर बोलायलाच. मॅडमनी सांगितलं की एखादा घास चाखायला आता हरकत नाही, गोळीच्या वेळी तेवढा नको.

गुरुवारी भट्टी पुन्हा आग्बेकोच्या अंगणात आली. अक्राची व्यापारीण स्वतः उतरली. तिला गेल्या पाच महिन्यांची पोती आठवत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला होता. आग्बेकोनोनं सगळ्यात चांगला गोळा निवडला, फुंकला, पदरानं पुसला आणि सुनेच्या हातात दिला. बापानं पोरीला घेतलं. मी कुंपणापाशी उभा होतो, सवयीनं.

एमेफानं घास तोडला. चावला. थांबली. पुन्हा चावला, या गालातून त्या गालात नेला. हॉर्न बंद झाला.

"कशी आहे गं?" आग्बेकोनोनं विचारलं.

"माती आहे," एमेफा म्हणाली.