असुंताची खुर्ची

मुलांनो, एक लग्नाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. आमच्या न्यू जर्सीतल्या इटालियन चर्चच्या तळघरातला. छताला कागदी घंटा, लांबलचक टेबलं, आणि एका टेबलावर मेणकागदात गुंडाळलेल्या सँडविचांचा ढीग. इकडून कुणी हाक देतो, ‘हॅमचं टाक रे’, आणि तिकडून सँडविच चेंडूसारखं उडत येतं. पुढे बँड, आणि माइकला ओठ लावल्यासारखा उभा राहून हलक्या आवाजात प्रेमगीत म्हणणारा गायक. त्याचं नाव अत्तिलिओ.

अत्तिलिओला भरल्या हॉलसाठी गाता यायचं नाही. तो एकाच माणसासाठी गायचा, बायकोसाठी. असुंता स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसून हॅमचं सँडविच खायची. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. ती सगळी गाणी तिनं घरी, तो दाढी करत असताना, हजारदा ऐकलेली. तिनं एकदा तरी मान वर करावी म्हणून अत्तिलिओ आवाज आणखी मऊ करायचा, आणि अख्खा हॉल जेवायचा थांबायचा.

एका वसंतात असुंता न्यूमोनियानं गेली. मे महिन्यातलं एक लग्न आधीच ठरलेलं होतं, म्हणून अत्तिलिओ तिथे गायला गेला. बरोबर लहानगी लेक नुन्झिया. फिलोमेना मावशीनं त्या खुर्चीवर काळी शाल टाकली आणि तिथे कुणी बसायचं नाही असं सगळ्यांना बजावलं.

अत्तिलिओ गायला. सूर बरोबर, शब्द बरोबर. पण दुकानदारानं सामान वाचून दाखवावं तसं. नजर शालीवर. लोक खात राहिले. कुणीतरी सलामीचं सँडविच मागितलं, ते माइकसमोरून उडत गेलं.

नुन्झियालाही काही वाटत नव्हतं. आई गेली त्या दवाखान्यातून परतल्यापासून हातपाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे झाले होते. मावशी रुमाल घेऊन मागे मागे फिरायची, आणि रडू काही यायचं नाही.

मध्यंतरात बँडचा म्होरक्या कॉस्मो आला. माणूस वाईट नव्हता. नवरीचे वडील कुरकुरतायत आणि नवरा-नवरीचा नाच अजून बाकी आहे, एवढं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, “तो नाचही असाच गेला, तर उन्हाळ्यातली लग्नं मला दुसऱ्याला द्यावी लागतील, अत्तिलिओ. मलाही पोरंबाळं आहेत, बाबा.”

“दे,” अत्तिलिओ म्हणाला. “गाऊ कुणासाठी?”

कॉस्मो मान हलवून गेला.

“पपा, म्हणजे तुम्ही आता गाणार नाही?” नुन्झियानं विचारलं.

“नाही बहुतेक.”

“दाढी करतानासुद्धा?”

“तेव्हासुद्धा.”

बँडनं नाचाची चाल धरली. नवरा-नवरी मधोमध आली. अत्तिलिओ माइकपाशी जाऊन उभा राहिला, तोंड मिटून. बँडनं सुरुवातीचा तुकडा पुन्हा वाजवला.

नुन्झिया स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिनं शालीची घडी केली, मावशीच्या हातात दिली आणि खुर्चीत बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते.

“हॅमचं टाका,” ती ढिगाजवळच्या काकांना म्हणाली.

सँडविच आलं. तिनं ते झेललं, मेणकागद सोडला आणि खायला लागली. समोर पपांनी पहिली ओळ उचलली. मऊ, मग आणखी मऊ. आसपासचं चावणं थांबलं.

नुन्झियानं मान वर केली नाही. तिनं दुसरा घास घेतला.