सारसची स्प्रिंग

स्प्रिंग पुन्हा चिमट्यातून निसटली आणि टेबलाखाली कुठेतरी गेली. गोपाळकृष्ण आपट्यांनी ती शोधली नाही. डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं, दोन बोटांनी नाकाचं हाड चोळलं आणि खुर्चीत मागे रेलले.

“ऱ्हाऊ द्या आता,” लेथवरून लालासाहेब म्हणाले. “सकाळपास्नं तेच चाललंय.”

“हात कापतो रे.”

“तुमचा हात कापतो, माजं बोट जाड. मग बसवायची कुनी?”

कुपवाडची ती शेड लालासाहेबांची. तिथे ते पंपांत बसवायची पितळी कडी, म्हणजे बुशी, काढत. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ‘सारस’ कॅमेऱ्याचे साचे होते. मिरज रस्त्यावरचा कॅमेऱ्याचा कारखाना बंद पडला आणि भंगारवाल्याचा ट्रक दारात येऊन लागला, तेव्हा आपट्यांनी ते फंडाच्या पैशातून सोडवून आणले होते. त्या कारखान्यात ते शटर विभागाचे सुपरवायझर होते. सारस म्हणजे पत्र्याची काळी पेटी, एक काच, एक शटर. त्याला सेल लागत नसे. हातातून पडला तर पोचा येई, बंद पडत नसे. सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांतली लग्नं, बारशी त्यानेच टिपलेली होती. आता बाजारात प्लास्टिकचे, आपोआप फिल्म फिरवणारे कॅमेरे आले होते. बिघडले की लोक ते कपाटावर टाकून देत. सारस पुन्हा निघाला पाहिजे, असं आपटे इतकी वर्षं भेटेल त्याला सांगत होते. लोक ऐकून घेत, चहा पीत आणि उठत.

होय म्हणणारे पहिले निघाले ते पाचगणीच्या एका शाळेतले राजस सर. मुलांना उजेड ओळखायला शिकवायचा तर कॅमेऱ्याने स्वतः काही करता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नमुना पाहिला आणि दोन डझन मागवले. पेट्या झाल्या, काचाही आल्या. अडलं ते शटरवर. केसाएवढ्या स्प्रिंगची दोन्ही टोकं दोन खिळ्यांत अडकवायची होती. नमुन्यात जुन्या साठ्यातलं एक तयार शटर होतं, म्हणून तो निभावला होता.

“हरणाबाईंकडे जाऊन येतो,” आपटे म्हणाले. “कवठे महांकाळला असतात. कारखान्यात शटरवर त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता.”

“वय झालं आसंल की त्यांचं.”

“माझ्यापेक्षा लहान आहेत.”

दुसऱ्या दिवशी एसटीने ते कवठे महांकाळला उतरले. विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण, दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. पडवीत एक बाई भिंतीला टेकून बसली होती. आपटे अंगणात उभे राहिले, हसले. बाईंनी त्यांच्याकडेच तोंड केलं होतं, पण चेहरा हलला नाही.

“कोन हाय?”

“मी आपटे. शटर विभागातला.”

“आपटेसायेब.” हरणाबाई भिंत चाचपत उठू लागल्या. तेव्हा आपट्यांना कळलं.

“बसा, बसा,” ते म्हणाले आणि स्वतःच समोर खाली बसले. पिशवी मांडीवर घेतली, उघडली नाही. “कधीपासून हे?”

“झाली की तीन-चार वर्सं. आधी दिव्याभवती कडं दिसाय लागलं. मग नुसतं कडंच ऱ्हायलं. दिवा गेला.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“वयानं हुतं म्हनले. आसंल.” त्यांनी पदर सारखा केला. “कारखान्यात माज्या शेजारी मालन बसायची बगा, तिचंबी डोळं गेलं. तिलाबी वयच झालं म्हनत्यात. ती माज्याहून ल्हान.”

आत स्टोव्हचा आवाज येत होता. थोड्या वेळाने एक तरुण बाई चहा घेऊन आली.

“ही सून, प्रियदर्शनी,” हरणाबाई म्हणाल्या. “आनि सायेब, एवढ्या लांब कशापायी आलासा?”

सहज आलो, असं म्हणायचं आपट्यांच्या मनात होतं. पण इतक्या वर्षांची सवय तोंडाला होती.

“सारस पुन्हा काढतोय,” ते म्हणाले.

“निघतोय व्हय?” हरणाबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी हात पुढे केला. “हाय का जवळ?”

मग पिशवी उघडावीच लागली. डबीतलं शटर त्यांनी हरणाबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा त्यावरून सावकाश फिरला, एका खिळ्यावर थांबला, दुसऱ्यावर गेला.

“प्रिया, हे बघ. आमी हे करत हुतो. ह्यात स्प्रिंग न्हाई घातली अजून.”

“मी बघू?” प्रियदर्शनी म्हणाली. कुणी काही म्हणायच्या आत तिने हात पुसले, शटर घेतलं, डबीतला चिमटा उचलला. आपट्यांनी स्प्रिंग दाखवली, कुठून कुठे जायची ते सांगितलं. भिंग पुढे केलं, पण तिला ते नको होतं. ती उजेडाकडे वळून बसली. मान डावीकडे कलली, एक डोळा मिटला, दुसरा बारीक होत होत शटरच्या अगदी जवळ गेला.

आपटे बघत राहिले. कारखान्यातल्या त्या लांब टेबलावर अशाच माना एका ओळीत कललेल्या असायच्या. ते मागून येरझाऱ्या घालायचे. त्यांना माना दिसायच्या, कामाचा वेग दिसायचा. डोळे कधी दिसले नव्हते.

पहिल्यांदा स्प्रिंग सुटली. दुसऱ्यांदा बसली. प्रियदर्शनीने कळ दाबली आणि टक् असा बारीक, स्वच्छ आवाज आला.

हरणाबाईंनी तिकडे तोंड वळवलं. “बसली व्हय?”

“बसली, आत्या.” प्रियदर्शनी हसली. डोळे पाण्याने भरले होते, ते तिने मनगटाने पुसले. “सवय न्हाई म्हनून पानी येतंय. होईल सवय. काम कुठं हाय सायेब, कुपवाडला? सकाळची एष्टी हाय हितनं. बेदाना निवडायचा हंगाम सरला की मला काय काम नसतं.”

हरणाबाईंनी सुनेकडे वळवलेलं तोंड तसंच ठेवलं होतं.

आपट्यांनी शटर डबीत ठेवलं. झाकण नीट बसेना, ते त्यांनी दोनदा दाबलं.

“ऑर्डर अजून पक्की नाही,” ते म्हणाले. “झाली की कळवतो.”

प्रियदर्शनीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. असं ऐकायची सवय असावी. “कळवा,” ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

हरणाबाई भिंतीच्या आधाराने अंगणाच्या कडेपर्यंत आल्या.

“आर्डर न्हाई आनि हितवर आलासा?” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

आपट्यांनी पिशवी काखेत घेतली.

“तिला काम पायजे हुतं, सायेब.”

“हो.”

हरणाबाईंनी मान घराकडे वळवली. आत भांड्यांचा आवाज होत होता.

“बरं,” त्या म्हणाल्या. “जावा आता. एष्टी चुकंल.”

ते कुपवाडला पोचले तेव्हा कामगार स्कूटरी काढून घरी निघाले होते. लालासाहेब एकटेच लेथवर होते. त्यांनी मशीन बंद केलं नाही, त्या आवाजातच ओरडून विचारलं, “भेटल्या का?”

“भेटल्या. त्यांना दिसत नाही आता.”

लालासाहेबांनी मशीन बंद केलं. “आरारा. आनि दुसरं कुनी? लेक, सून? कुनी शिकन्यासारखं?”

आपटे साच्यांपाशी गेले. ताडपत्रीचं एक टोक वर सरकलं होतं, ते त्यांनी खाली ओढलं.

“नाही,” ते म्हणाले. “कुणी नाही.”

“मग पाचगणीच्या सरांस्नी काय सांगायचं?”

“मी सांगतो त्यांना. उद्या जाऊन येतो.”

लालासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस न थकता बोलत आला होता. आज एवढ्यावरच थांबला. आपट्यांनी खुंटीवरचा जुना डगला काढला, अंगात घातला, बाह्या वर केल्या आणि लेथपाशी येऊन उभे राहिले.

“बुशींचं काम राहिलंय ना तुझं?”

“लय हाय.”

“मग मला दे थोडं,” ते म्हणाले. “मोठं दे. लांबून दिसेल असं.”